पाण्याला कळत नाही

दगडाला राग येतो, दगड रुसतो आणि वेळ आली तर दगड माफही करतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. तळेघरच्या पुढे डोंगराच्या उतरणीवर एक वाडी आहे, तिथे ते राहतात. माझे आईवडीलही मूळचे त्याच बाजूचे, पण माझ्या जन्माच्या आधीच ते मजुरीसाठी खाली निरगुडसरला आले आणि तिथेच राहिले. त्यामुळे सुट्टी लागली की मी वर काकांकडे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून काका मला कधी "मास्तर" म्हणतात, कधी "सायब". मला काही येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं की मात्र नुसतं "आरं ए" म्हणतात. हे लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं आहे. काकांबद्दल हसत हसत सांगता येण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातली एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना माझी मान खाली जाते. ती टाळली तर बाकीचं सगळं खोटं ठरेल, म्हणून तीही सांगतो.

काकांचा दगडांशी असलेला व्यवहार साधा नाही. रस्त्याने जाताना लोक ओळखीच्या माणसांना रामराम करतात, काका दगडांकडे बघून थांबतात. एकदा मी त्यांच्याबरोबर मंचरहून भीमाशंकरच्या एसटीने वर चाललो होतो. घाटात समोरून ट्रक आला म्हणून गाडी थांबली, तर काका उठले आणि दार उघडून खाली उतरले. मला वाटलं, त्यांना मळमळतंय. पण ते रस्त्याच्या कडेच्या कठड्याजवळ गेले, त्यातला एक दगड दोन्ही हातांनी उपसला, फिरवला, परत बसवला, वर तळव्याने थोपटला आणि आले. ड्रायव्हर म्हणाला, "काय राव, तुमी काय बांधकाम खात्याचं सायब हाये का?" काका जागेवर बसत म्हणाले, "सायब असतो तर उतरलो असतो का?" सगळी गाडी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी ती वस्तुस्थिती सांगितली होती.

लग्नकार्यात त्यांना न्यायची मावशीला भीती वाटते. मांडवात सगळे नवरा-नवरीकडे तोंड करून बसलेले असतात, काका कार्यालयाच्या भिंतीकडे. माझ्या मावसबहिणीसाठी मुलाचं घर बघायला गेलो होतो तेव्हा पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडची मंडळी गोडीत आली आणि मुलाच्या वडिलांनी काकांना आदराने विचारलं, "मग पावणं, काय म्हणता? पसंत हाये का घर?" काका म्हणाले, "पोरगं झ्याक हाये. मानसं बी चांगली हायेत. पर तुमच्या पडवीचं जोतं डाव्या अंगाला खचलंय. दोन पावसाळं काढंल, तिसरा न्हाई." त्यानंतर कुणी चहाचा दुसरा कप घेतला नाही. ते लग्न झालं, पण त्यासाठी मावशीला दोनदा जाऊन बोलावं लागलं. आणि तिसऱ्या पावसाळ्यात ते जोतं बसलं. तेव्हापासून व्याही काकांना सणाला सगळ्यांत आधी बोलावतात आणि घरात नवीन काही बांधायचं असलं की त्यांना चालवत नेऊन दाखवतात.

जमिनीची पातळी बघायला काका कधी दोरी वापरत नाहीत की पाण्याची नळी. ते सरळ जमिनीवर आडवे होतात, गाल मातीला टेकवतात, एक डोळा मिटतात आणि बराच वेळ तसेच राहतात. एकदा वाडीत आलेल्या आरोग्यसेविकेने त्यांना तसं पाहिलं आणि तिने बॅग टाकून धाव घेतली. "काका, काय होतंय?" तर काका न उठता म्हणाले, "चार बोटं उतार व्हतोय." एवढं असून दोरी लावून पाहिलं तर त्यांचं बरोबर निघतं. मी दोनदा तपासलं आहे, त्यांच्या नकळत. तिसऱ्यांदा त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोरीला इच्यार आता, माझं बरोबर हाये का म्हनून." तेव्हापासून मी तपासत नाही.

आता गोष्टीकडे येतो. आमच्या डोंगरात भाताची खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी असतात. प्रत्येक पायरीला खालच्या अंगाने दगडांचा बांध घालावा लागतो, नाहीतर पावसात माती वाहून ओढ्याला जाते. हे एका घराचं काम नाही. म्हणून उन्हाळ्यात पडकई करतात. आज सगळी वाडी माझ्या खाचरावर, उद्या माझ्या घरची माणसं तुझ्या खाचरावर. मजुरी नसते, ज्याचं काम असेल त्याच्याकडे दुपारचं जेवण असतं. पण गेल्या काही वर्षांत वाडीतली तरणी माणसं चाकणच्या कंपन्यांत गेली, उरलेली उन्हाळ्यात नारायणगावला टोमॅटोच्या कामाला उतरतात. काकांचा मुलगाही चाकणला असतो, त्याला रजा मिळत नाही. आदल्या पावसात काकांच्या सगळ्यांत खालच्या, मोठ्या खाचराचा बांध गेला होता. घरचं निम्मं भात त्या एका खाचरात पिकतं. वैशाख निम्मा झाला तरी पडकईला कुणी आलं नव्हतं. काका एकटेच रोज चार दगड लावत आणि संध्याकाळी त्यांतले दोन काढत, कारण एकट्याने लावलेला दगड त्यांना पसंत पडत नसे.

त्याच दिवसांत पुण्याहून एक मंडळी आली. एका वाहिनीसाठी दीड तासाचा चित्रपट करायचा होता, थिएटरात न येणारा, थेट टीव्हीवर दाखवायचा. गोष्ट वाट चुकलेल्या पाच मुलांची. कुणी चोरी केलेली, कुणी मारामारी, कुणी घरातून पळालेला. सुधारगृहातून त्यांना उन्हाळ्यात डोंगरात आणतात आणि त्यांच्याकडून उतारावर बांध घालून घेतात, अशी कथा. दिग्दर्शन करणाऱ्या ताई तिशीच्या असतील, शांत आणि सतत जागरण झाल्यासारख्या. त्यांना जागा हवी होती आणि दोन्ही बाजूंची भाषा कळणारं कुणीतरी हवं होतं. ते काम मला मिळालं. मी काकांना विचारायला गेलो आणि म्हणालो, "काका, पुण्याहून पंचवीस-तीस माणसं येणार आहेत. चार दिवस तुमच्या खालच्या खाचरात बांध घालणार आहेत. कॅमेऱ्यासाठी."

काकांनी "बांध घालणार" एवढंच ऐकलं. त्यांचा चेहरा असा उजळला की पुढचं काही सांगायचं मला सुचलं नाही. मावशीला हाक मारून म्हणाले, "अगं, पडकई आली! पुन्याहून!"

"काका, ते नाटक असतं," मी म्हणालो.

"आसंल की. दगड तर खराच उचलनार ना?"

पहिल्या दिवशी सकाळी युनिटची माणसं गाड्यांतून उतरली तेव्हा मावशीने तीस माणसांच्या नाचणीच्या भाकरी आणि हुलग्याचं पिठलं करायला घेतलं होतं. पडकईला आलेल्या माणसाला जेवू न घालणं म्हणजे आमच्यात फार वाईट. युनिटचा स्वतःचा आचारी होता, त्याने पनीरची भाजी केली होती. तो मावशीला म्हणाला, "मावशी, आमचं जेवण आमच्याकडं असतं." मावशी म्हणाली, "मंग काम बी तुमच्याकडंच करा की." दुपारी दिवे धरणारी पोरं पनीर सोडून पिठल्याच्या पातेल्याभोवती बसली, तेव्हा आचाऱ्याने रागाने स्वतःच दोन भाकरी मागून घेतल्या.

त्या पाच मुलांतला मुख्य मुलगा सतरा-अठराचा होता. पुण्याच्या एका वस्तीतला, रस्त्यावरच्या नाटकांतून आलेला, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला. त्याचं खरं नाव वेगळं, पण काका त्याला शेवटपर्यंत कथेतल्या नावाने विक्या म्हणत आले, म्हणून मीही तेच लिहितो. विक्याने पहिला दगड उचलून कसाही टेकवला, तसा ताईंनी "कट" म्हणायच्या आधीच काकांचा आवाज आला, "आरं आरं आरं! त्याचं तोंड कुटं हाये बघितलंस का?"

"कुणाचं तोंड?" विक्या म्हणाला.

"दगडाचं. ज्या अंगानं त्यो बसतो ते त्याचं बूड, ज्या अंगानं जगाकडं बघतो ते तोंड. तू त्याला उताना निजवलायस. आनि येकदा ठिवला की हलवायचा न्हाई, रुसतो."

"ओ काका, रुसला तर कळतं कसं? बोलत नाय का तुमच्याशी?"

"तुझ्यावानीच. गप बसतो आनि आपला भार शेजाऱ्यावर टाकतो."

सगळे हसले. विक्या मात्र हसला नाही. त्याने तो दगड काढला आणि फिरवून लावला. ताईंनी ते सगळं कॅमेऱ्यात घेतलं होतं. त्यांनी कथेतल्या शिक्षकाची दोन वाक्यं खोडली आणि काकांचं बोलणं लिहून घेतलं. त्या दिवसापासून बांध खराच चढू लागला. काका दृश्य चालू असताना मांजरासारखे कडेला बसत, दृश्य संपलं की उठून बांधाला हात लावून बघत, मागून दगडांच्या चिपा ठोकून सांधे भरत आणि परत कडेला. विक्या मधल्या वेळात मोबाईल बघायचा सोडून त्यांच्या मागे चिपा घेऊन फिरू लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका मला म्हणाले, "पोराचा हात चांगला हाये. त्याला सुदारगृहात कुनी टाकला?" मी म्हटलं, "काका, ते कथेत." काका म्हणाले, "त्येच म्हनतो मी. कथेत तरी कशाला टाकला?"

त्याच संध्याकाळी मला पुढच्या दिवसाच्या कामाचे कागद वाचायला दिले होते. वाचता वाचता मी शेवटच्या पानांपर्यंत गेलो. चौथ्या दिवशीचं दृश्य असं होतं: आईने आपल्याला घरी न्यायला नकार दिलाय हे कळल्यावर विक्या संतापाने तो बांध हातांनी पाडतो.

मी तो कागद दोनदा वाचला. मग घडी करून खिशात ठेवला. खाचराकडे पाहिलं तर काका आडवे होऊन, गाल मातीला लावून, एक डोळा मिटून आपल्या नव्या बांधाची पातळी बघत होते.

मी सांगायला हवं होतं. त्या रात्री जेवताना सांगायचं ठरवलं, तर काका दुसऱ्या खाचराचं बोलू लागले: "ह्यो झाला की वरचा बी घिऊ. मानसं चांगली हायेत." तिसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर पाणी आणायला गेलो तेव्हा ठरवलं, तर ते म्हणाले, "मास्तर, तुझ्या शिक्षनाचा आज उपेग झाला बघ. तू नसतास तर ही मानसं आली असती का?" मी हंडा उचलून घरी आलो. मी मावशीला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिचा हात भाकरीवरच थांबला.

"कवा?" ती म्हणाली.

"परवा... म्हणजे उद्या. मावशी, तूच सांग ना काकांना."

"म्या सांगितलं तर त्ये जेवायचं न्हाईत. तू सांगितलं तरी जेवायचं न्हाईत. मंग तूच सांग. शिकल्याला हायेस."

भाकरी करपली. तिने ती माझ्याच ताटात टाकली आणि मी मुकाट खाल्ली.

तिसऱ्या दिवशी बांध पूर्ण झाला. छातीइतका उंच, ओठ मिटल्यासारखा घट्ट. युनिटमधल्या माणसांनीही त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. काकांनी बांधाच्या टोकाला नारळ फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं, कॅमेरा चालवणाऱ्या माणसाला तर वाटीभर जास्त दिलं. ताईंनी खोबरं घेताना माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काकांना उद्याचं माहीत आहे ना?" मी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे माझं मलाच कळलं नाही. ताईंनी ती हो समजली.

चौथ्या दिवशी सकाळी, कॅमेरा लावत असताना, मी काकांना बाजूला नेऊन सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं. काका बांधाकडे बघत ऐकत होते.

"कवा?"

"आज दुपारी."

"समदा?"

"मधला भाग."

"तुला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आज चवथा हाये," काका म्हणाले. आवाज चढला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते ताईंकडे गेले. मी मागे. ताईंना खरी गोष्ट कळली तेव्हा त्या खाली बसल्याच. म्हणाल्या, "काका, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मला खरंच..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे. "आज शेवटचा दिवस आहे. गोष्ट सगळी या भिंतीवर उभी आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर..." भीमाशंकरच्या बाजूने ढग चढत होते. काका म्हणाले, "जागा दिली तवा अट घातली नव्हती. आता घालायची म्हंजी शबुद मोडल्यावानी व्हईल. पाडा." आणि ते लांब, वरच्या खाचराच्या कडेला जाऊन बसले.

आणि मग बांध पडेना.

विक्याने पहिल्यांदा धावत येऊन धडक दिली, तर तोच मागे आपटला. दुसऱ्यांदा त्याने वरचे दगड ओढायचा प्रयत्न केला, तर काकांनी मागून ठोकलेल्या चिपांनी ते धरून ठेवलेले. तिसऱ्यांदा उरलेले चारही मुलगे मदतीला घातले, तरी बांध नुसता उभा. युनिटचा व्यवस्थापक म्हणाला, "पहार घ्या." ताई म्हणाल्या, "नाही, हातांनी पाडतो तो. पहार आली तर राग कुठला?" व्यवस्थापक म्हणाला, "मग खालून जेसीबी मागवतो." कुणीतरी सांगितलं, तो संध्याकाळपर्यंत पोचणार नाही. ढग आता अर्ध्या आभाळावर आले होते, उजेड कमी होत चालला होता. एरवी मला हसू आलं असतं. काकांनी लावलेला बांध तोडायला पंचवीस शहाणी माणसं लागली आहेत आणि तो त्यांच्याकडे बघतोसुद्धा नाही. पण त्या वेळी मला बांध पडू नये असंही वाटत होतं आणि पडावा असंही, आणि दोन्हींची लाज वाटत होती.

सहाव्या वेळी विक्या खांद्याने भिडला आणि बाजूला झाला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर लाल झाला होता. तो म्हणाला, "ताई, परत घ्या. पाडतो मी. काढू नका मला." कुणी त्याला काढणार नव्हतं, पण ते त्याला कोण सांगणार. ताई वर चढून काकांजवळ गेल्या आणि उकिडव्या बसल्या.

"काका, कसा पडेल?"

काका म्हणाले, "पाडल्यावर त्यो पोरगा काय करतो?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच उठतो आणि परत लावायला घेतो. तिथे गोष्ट संपते."

"समदा लावतो?"

"नाही. तीन दगड. बाकीचं प्रेक्षकांना कळतं."

"परेक्षकांना कळतं," काका म्हणाले. "पान्याला कळत न्हाई."

काकांनी खाली पाहिलं. विक्या सातव्या वेळी उभा राहत होता, दुखरा खांदा मागे घेऊन दुसरा पुढे करत होता. काका उठले. मला वाटलं ते घराकडे निघाले. पण ते खाली उतरले, बांधाच्या कडेने तळवा टेकवत चालत गेले, एका जागी थांबले आणि मागच्या बाजूला वाकून त्यांनी तीन चिपा उपसल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. त्या चिपा त्यांनी खिशात टाकल्या. विक्याला म्हणाले, "हितं खांदा लाव. त्यो न्हाई, चांगला. आनि पाय मागं घे, न्हाईतर नडगी फुटंल. रडू नगं, ताकद जाती."

बांध पडला. बरोबर दोन हात रुंदीचा पडला, एक दगडही जास्त नाही. आवाज डोंगरात घुमून परत आला. विक्या त्या दगडांत गुडघ्यावर बसला आणि जे रडला ते कथेतलं होतं की त्याचं स्वतःचं, मला माहीत नाही. ताई "कट" म्हणायला विसरल्या. काका पाठ करून उभे होते. मी त्यांच्या समोरच्या बाजूला होतो, म्हणून मी त्यांचा चेहरा पाहिला. तो मी इथे लिहीत नाही.

लगेच पांढरे पडदे लावून, दिवे लावून, त्याच संध्याकाळची सकाळ केली. विक्याने एक दगड लावला, दुसरा लावला, तिसरा लावला. ताई म्हणाल्या, "झालं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वायरी गुंडाळायला सुरुवात झाली. काका मात्र चौथा दगड दोन्ही हातांत धरून विक्याच्या पुढे उभे होते. विक्याने दगडाकडे पाहिलं, गाड्यांकडे पाहिलं, आणि दगड घेऊन लावला. तोंड बघून. पाचवा लावला. सहावा लावत असताना गाडीचा भोंगा वाजला, परत वाजला, मग व्यवस्थापक हात धरून त्याला घेऊन गेला. जाताना ताईंनी भरपाईचं काही विचारलं तर काका म्हणाले, "जेवून चाललाय ना? झालं."

पुढचे दोन दिवस काका, मावशी, शेजारचे एक म्हातारे आणि मी, अशा चौघांनी ते दोन हात भरून काढले. काका माझ्याशी कामापुरतं बोलत. एकदाच, मी घाईघाईने टेकवलेला एक दगड काढून परत बसवताना म्हणाले, "येळंला ठिवावा. उशीर झाला की बसत न्हाई, नुसता टेकतो." ते दगडाबद्दल बोलत असावेत. मी तसं समजायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी पावसाने गाठलंच. बांध टिकला. त्या वर्षी खालचं खाचर पिकलं.

कापणीच्या थोडं आधी चित्रपट टीव्हीवर लागला. वाडीत ज्या घरी टीव्ही आहे तिथे पडवीपर्यंत माणसं. बांध पडला तेव्हा बायकांनी "आई गं" केलं, विक्या रडला तेव्हा सगळ्या घराने नाकं ओढली. काका टीव्हीच्या इतक्या जवळ बसले होते की मागच्यांना त्यांचं मुंडासंच दिसत होतं. माणसं बोलत असताना ते कंटाळत, भिंत दिसली की पुढे सरकत. "ह्यो कडंचा उलटा लागलाय," ते म्हणाले, "तवा नजरंतून कसा सुटला?" शेवटी नावांची यादी वर सरकू लागली. काकांचं नाव त्यात नव्हतं. शेजारचे म्हातारे चिडले, "आरं, ह्येंचं नाव कुटं हाये?" काका म्हणाले, "बांधावर कुनी नाव लिवतं का?" आणि उठून घरी गेले. मला मात्र तेव्हाच जाणवलं की त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी चाललं आहे.

ते पौषात कळलं. मी पुण्यात एका मित्राच्या खोलीवर अभ्यासाला आलो होतो. सकाळी दार वाजलं, उघडलं तर काका. धुतलेलं धोतर, खांद्यावर पिशवी, पिशवीत नवे तांदूळ.

"त्या विक्याचं घर दाव," म्हणाले.

"कशाला काका?"

"त्यानं चार दिस आपल्याकडं काम केलं. आपुन त्याच्याकडं नगं का जायाला? पडकई हाये ती."

मी म्हणालो, "काका, त्यांचं ते शूटिंग होतं, आणि बांध तर त्यांनीच..." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल घातली. ताईंना फोन करून पत्ता घेतला. वस्तीतल्या एका अरुंद बोळात दहा बाय दहाची खोली होती. विक्या कामावर गेलेला, घरोघरी सामान पोचवायचं काम. त्याची आई दारात लसणाच्या ढिगापुढे बसली होती. ती हॉटेलांसाठी लसूण सोलून देते. काकांनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्याकडं काय काम हाये ते सांगा. म्या दिसभर हाये." तिने आधी संशयाने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तसं समजावलं. ती म्हणाली, "काका, इथं काय काम असणार? चहा घ्या आणि आराम करा." काका म्हणाले, "काम नसलेलं घर असतं व्हय?" आणि तिच्यासमोर मांडी घालून लसूण ओढून घेतला.

मी काकांना कुठल्याही कामात इतकं वाईट पाहिलेलं नाही. दगडांनी झिजलेल्या त्या बोटांना नखंच नव्हती. पाकळी हातातून निसटायची, चिरडायची, साल तिथेच राहायची. विक्याच्या आईला हसू आवरेना. "काका, दाबू नका, दगड नाहीये तो." काका पाकळी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "ह्याचं तोंड कुटं असतं?" तिने दाखवलं. दुपारपर्यंत त्यांना जमू लागलं. तिने त्यांना जेवायला वाढलं, त्यांनी पोटभर खाल्लं आणि परत बसले. मीही बसलो.

विक्या दिवस मावळायला आला. दारातच थांबला. "काका? तुम्ही इथं काय करताय?"

"पडकई," काका म्हणाले. "तीन दिस अजून ऱ्हायलेत. पुढल्या वर्सी."

विक्या हेल्मेट न काढताच त्यांच्याजवळ बसला. मी विचारलं, आणखी कुठे काम मिळालं का, कॅमेऱ्यापुढे. तो म्हणाला, "दोन ठिकाणी बोलावलं होतं. नंतर फोन नाय आला." मग थोड्या वेळाने काकांना विचारलं, "काका, ती भिंत आहे का?"

"हाये की. तुझे सा दगड म्या हलवलं न्हाईत."

विक्या लसूण सोलू लागला. त्याचा हात काकांपेक्षा खूप चांगला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना पोचवायला निघालो. परतीच्या गाडीत काकांना खिडकी मिळाली, पण घाट यायच्या आधीच त्यांना झोप लागली. वाटेत कितीतरी कठडे गेले आणि ते एकदाही उठले नाहीत. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं, दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते आणि त्या हातांना लसणाचा वास येत होता. तळेघर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.